गेम सुरू होताच स्क्रीन काळी पडते: दोष ग्राफिक्स कार्डाचाच आहे का, हे कसे ठरवावे

गेम सुरू केला, पहिली दहा-पंधरा मिनिटे सारे सुरळीत चालले आणि मग चित्र गोठले, रंगीत ठिपके उमटले किंवा संगणकच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की नवशिक्याच्या मनात पहिला विचार येतो तो ‘कार्ड गेले’ हाच. मध्यम प्रतीच्या कार्डालाही पंचवीस-तीस हजार रुपये मोजावे लागतात, तेव्हा ही धास्ती साहजिक आहे. पण घरच्या, नात्यातल्या आणि मित्रांच्या संगणकांत हात घालून मी आजवर जे पाहिले, त्यात तक्रार ग्राफिक्सची आणि दोष मात्र केबलमध्ये, एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात), साचलेल्या धुळीत किंवा ड्रायव्हरमध्ये (विंडोजला कार्ड चालवू देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), असेच अधिक वेळा आढळले. म्हणून कार्ड बदलायला निघण्यापूर्वी काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे, ते येथे मांडतो. ज्याला पैसे लागत नाहीत आणि स्क्रूड्रायव्हरही लागत नाही ते आधी, आणि कार्डाला हात लावायचे काम शेवटी, असा हा क्रम आहे. विंडोज १० किंवा ११ असलेला डेस्कटॉप डोळ्यांसमोर ठेवला आहे; लॅपटॉपचा उल्लेख गरजेपुरता येईल.

एक पथ्य मात्र सुरुवातीपासून पाळावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर तोच गेम, त्याच ठिकाणी, निदान अर्धा तास चालवून पाहावा. ड्रायव्हर नवा टाकला, केबल बदलली आणि धूळही काढली, असे एकाच दुपारी केले तर गेम चालू लागला तरी तो कशामुळे चालू लागला हे कळत नाही, आणि महिनाभराने तीच तक्रार परत आली की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

लक्षण लिहून काढणे

एक वही घ्यावी आणि बिघाड होतो त्या क्षणी काय दिसते व काय ऐकू येते ते लिहावे. स्क्रीन काळी पडली, पण गेमचा आवाज चालू राहिला आणि कीबोर्डवरचा नमलॉकचा दिवा कळ दाबताच लागतो-विझतो आहे, तर संगणक जिवंत आहे. चित्र तेवढे मॉनिटरपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे संशय केबलवर, मॉनिटरवर किंवा ड्रायव्हरवर घ्यावा. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या की विंडोज ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू करते, आणि चित्र परत आले तर ड्रायव्हरवरचा संशय बळावतो. संगणक दिवा विझावा तसा क्षणात बंद पडला, तर विजेकडे पाहावे. गेम तेवढा मिटून डेस्कटॉप समोर आला, तर गेमच्या फाइली, ड्रायव्हर किंवा रॅम. स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइली तपासून घेण्याची सोय आहे. ती वापरायला काही मिनिटे पुरतात. बिघाड एकाच गेममध्ये होतो की सगळ्यांमध्ये, हेही लिहावे. चार गेम नीट चालत असतील आणि पाचवाच अडत असेल, तर कार्डाला दोष देण्याची घाई करू नये.

ठिपके, पट्टे किंवा फाटलेल्या आकृत्या दिसत असतील तर एक साधी चाचणी आहे. त्या दिसत असतानाच विंडोज आणि प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबाव्यात. टिपलेले चित्र ‘पिक्चर्स’मधील ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरमध्ये जाते. ते स्वतःच्या मोबाइलवर पाठवून तेथे उघडावे. ठिपके मोबाइलवरही दिसले, तर चित्र तयार होतानाच बिघडले आहे, म्हणजे दोष कार्डात, त्याच्या मेमरीत, ड्रायव्हरमध्ये किंवा गेममध्ये आहे. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल, तर कार्डाने आपले काम चोख केले आहे आणि बिघाड पुढच्या वाटेवर झाला आहे: कार्डाचा पोर्ट, केबल किंवा मॉनिटर. काही गेम पूर्ण स्क्रीनवर असताना टिपलेले चित्र काळेच येते. तेव्हा गेमच्या सेटिंगमध्ये खिडकीत चालण्याचा पर्याय निवडून ही चाचणी करावी.

हीच चाचणी दुसऱ्या टोकाने पूर्ण करता येते. संगणक सुरू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन पाच मिनिटे तेथेच थांबावे. विंडोज सुरू होण्याआधीच पट्टे दिसत असतील, तर विंडोजचा ड्रायव्हर आणि गेम दोघेही निर्दोष ठरतात.

कार्ड कामाला लागले आहे का

माझ्या भाच्याने दुकानातून जोडून आणलेला नवा संगणक तीन आठवडे रडतखडत चालत होता. कार्ड चांगले, प्रोसेसर चांगला, आणि गेम मात्र सेकंदाला वीस फ्रेमच्या (चित्रांच्या) पुढे जाईना. दुकानदाराने फोनवर ड्रायव्हर बदलायला सांगितले, तेही करून झाले. मी मागे वाकून पाहिले तेव्हा मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचलेली होती. उभ्या कॅबिनेटच्या मागच्या बाजूस वर, यूएसबीच्या शेजारी असलेले पोर्ट मदरबोर्डचे असतात, आणि त्याखाली आडव्या ओळीत असलेले तीन-चार पोर्ट ग्राफिक्स कार्डाचे. केबल खालच्या पोर्टमध्ये हवी. वर खोचली तर चित्र दिसते, कारण प्रोसेसरमध्ये बसवलेले लहान ग्राफिक्स ते दाखवते, आणि गेम बहुधा त्याच दुबळ्या भागावर चालतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ हे अक्षर असते, त्यांत असे ग्राफिक्सच नसते. तेथे केबल चुकली तर चित्रच येत नाही आणि चूक लगेच ध्यानात येते.

गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात पाहावे. दोन जीपीयू (ग्राफिक्स चिप) दिसत असतील तर गेमच्या वेळी कोणाचा आलेख वर चढतो ते महत्त्वाचे. लॅपटॉपमध्ये गेम दुबळ्या जीपीयूवर चालत असेल, तर सेटिंग्जमधील सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन त्या गेमसाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’खाली कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असे आले, तर कार्डाचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. नावावर पिवळे चिन्ह आणि आत ‘कोड ४३’ असेल, तर कार्डाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. हा कोड बिघडलेल्या ड्रायव्हरमुळेही येतो आणि बिघडलेल्या कार्डामुळेही, म्हणून तो पाहून निकाल देऊ नये.

याच ठिकाणी गेमची मागणीही पडताळून घ्यावी, कारण कार्ड धडधाकट असूनही गेमला ते पुरे पडत नसेल तर तो दोष नव्हे. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा २०२४ च्या डिसेंबरात आलेला गेम रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र घडवण्याची, सोय कार्डातच असल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे जीटीएक्स १०८० सारखे एके काळचे अव्वल कार्डही तेथे थांबते. तसेच चार जीबी मेमरीच्या कार्डावर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे) ‘अल्ट्रा’ ठेवले की मेमरी भरते, जास्तीचा माल संगणकाच्या संथ रॅममध्ये ठेवावा लागतो आणि खेळ दर काही क्षणांनी अडखळतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ काठोकाठ भरलेली दिसली, तर टेक्स्चर एक पायरी खाली आणावे. बाकीची सेटिंग्ज तशीच ठेवली तरी फरक जाणवतो.

उष्णता आणि धूळ

आपल्याकडे मार्च ते जून या काळात वाढणाऱ्या तक्रारींचे हे पहिले कारण, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. कार्ड खोलीतल्या हवेपेक्षा किती अंश अधिक तापेल हे त्याच्या वीजवापरावर आणि पंख्यांवर ठरते, आणि ते अंतर जवळपास कायम राहते. वातानुकूलित खोलीत, बावीस अंशांच्या हवेत जे कार्ड सत्तर अंशांवर राहते, तेच नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात, चाळीस अंशांच्या खोलीत, अठ्ठ्याऐंशीच्या आसपास पोहोचते. कार्ड मग स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि फ्रेम घसरतात. त्याहून पुढे गेले तर ते बंद पडते.

तापमान टास्क मॅनेजरच्या जीपीयूच्या पानावर दिसते. अधिक तपशील हवा असेल तर जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो ही मोफत साधने वापरावीत. खेळताना पासष्ट ते त्र्याऐंशी अंश हे नेहमीचे मानावे. कार्डाच्या सर्वांत तापलेल्या बिंदूचा, म्हणजे ‘हॉट स्पॉट’चा आकडा वेगळा दिला असेल तर तो याहून जास्त असतो, एएमडीने आपल्या कार्डांसाठी या बिंदूची ११० अंशांपर्यंतची मजल मर्यादेतली मानली आहे. तापमान ९० च्या घरात जाऊन त्याच सुमारास बिघाड होत असेल, तर कॅबिनेटची बाजूची झाकणी काढून, समोर घरातला टेबल फॅन लावून तोच गेम खेळावा. एवढ्याने बिघाड थांबला, तर कारण सापडले.

संगणकाच्या टेबलात ‘सीपीयूसाठी’ म्हणून जो बंद कप्पा केलेला असतो, त्यात गेमिंगचा संगणक ठेवू नये. एका मित्राचे कार्ड अशा कप्प्यातून बाहेर काढले तेव्हा पंख्याच्या पात्यांमागे, अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांवर धुळीची राखाडी गादी इतकी घट्ट बसली होती की ती नखाने उचलताच सलग निघून आली, आणि तिच्याखाली धातू कोरा, नवा असल्यासारखा होता. हवा पुढे जायला तेथे वाटच उरली नव्हती. ती गादी निघाल्यावर कार्ड सोळा अंशांनी थंड चालू लागले.

धूळ काढताना भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. व्हॅक्यूम क्लीनरची नळी सर्किटला लावू नये, कारण तिच्यामुळे स्थिर वीज तयार होते. धूळ काढूनही हॉट स्पॉट आणि सर्वसाधारण तापमान यांत पंचवीस-तीस अंशांचे अंतर राहत असेल, तर चार-पाच वर्षे जुन्या कार्डात थर्मल पेस्ट (चिपची उष्णता धातूकडे नेणारा लेप) वाळलेली असण्याचा संभव आहे. ती बदलणे शिकण्यासारखे आहे, पण वॉरंटी चालू असेल तर कार्ड उघडण्यापूर्वी तिच्या अटी वाचाव्यात.

वीज

ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. आरटीएक्स ३०६० ची गरज १७० वॅट, तर आरटीएक्स ३०८० ची ३२० वॅट आहे, आणि क्षणभरासाठी कार्ड या आकड्याच्या बरेच वरही जाते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे मोठ्या अक्षरांत छापलेले असले तरी तेवढ्यावर विसंबू नये. त्याच्या कुशीवर चिकटवलेला तक्ता वाचावा. त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात समजा १८ अँपिअर लिहिले असतील, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट एवढेच प्रोसेसर आणि कार्ड मिळून वापरता येतील. गेम जड दृश्यावर येताच संगणक बंद होत असेल आणि डेस्कटॉपवर दिवसभर काहीच होत नसेल, तर हा गुणाकार आधी करावा.

त्यानंतर यूपीएस. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो. गेमच्या वेळी संगणक आणि मॉनिटर मिळून त्यापेक्षा जास्त ओढू लागले, की यूपीएस शिट्टी वाजवतो किंवा सगळेच बंद करतो, आणि खापर कार्डावर फुटते. एक संध्याकाळ संगणक थेट भिंतीवरच्या, अर्थिंग नीट असलेल्या सॉकेटला लावून खेळावे. बिघाड झाला नाही तर यूपीएस मोठा घ्यावा लागेल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, अशा प्रसंगानंतर ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. संगणक रीतसर बंद न होता गेला, एवढेच ती सांगते. का गेला ते सांगत नाही.

जोडण्या दिसायला घट्ट आणि प्रत्यक्षात अर्ध्याच बसलेल्या असू शकतात. आठ पिनांचा प्लग खटका ऐकू येईपर्यंत दाबावा आणि त्याची पकड कार्डावरच्या दातावर बसली आहे का, हे टॉर्च मारून पाहावे. नव्या सोळा पिनांच्या जोडणीत याला फारच महत्त्व आहे. ती ६०० वॅटपर्यंत वीज वाहते, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर काही ठिकाणी हा प्लग वितळला. प्लग पूर्ण न बसणे हे त्यामागचे सर्रास आढळलेले कारण असल्याचे या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने तेव्हा सांगितले. प्लग आणि कार्ड यांच्यामध्ये फट दिसता कामा नये. मोठ्या कार्डाला दोन आठ-पिनी जोडण्या असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणाव्यात. आणि एका एसएमपीएसची सुटी केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नये: प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि मग खरोखरच काहीतरी जळते.

ड्रायव्हर

विंडोज कार्डाला दिलेल्या कामाचे उत्तर दोन सेकंदांत आले नाही, तर ड्रायव्हर अडकला असे समजून तो नव्याने सुरू करते. ही सोय व्हिस्टापासून आहे. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि गेम बंद पडतो तो यामुळे. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टिम’ या यादीत ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली, तर हेच घडले आहे.

बिघाड ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतरच सुरू झाला असेल, तर आधीच्या आवृत्तीकडे परत जाण्यात कमीपणा नाही. २०२५ च्या आरंभी, आरटीएक्स ५० मालिका आली तेव्हा, नव्या ड्रायव्हरांमुळे स्क्रीन काळी पडण्याच्या तक्रारी आल्या आणि एनव्हिडियाला दुरुस्त्या काढाव्या लागल्या होत्या. ड्रायव्हर स्वच्छ पुसून नवा बसवायचा असेल तर तो कार्डाच्या चिप-कंपनीच्या संकेतस्थळावरून आधी उतरवून ठेवावा, ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे मोफत साधनही घ्यावे आणि मग इंटरनेट तोडावे, म्हणजे विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर बसवणार नाही. शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ केले की सेफ मोडमध्ये जाण्याचे पर्याय मिळतात. तेथे जुना ड्रायव्हर पुसावा, संगणक नेहमीसारखा सुरू करून नवा बसवावा. कार्डाचा वेग वाढवणारे एखादे साधन चालू असेल तर त्यातली सगळी मूल्ये मूळ पदावर आणूनच पुढची चाचणी करावी.

ज्यात कार्ड निरपराध ठरते

काही गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश देऊन बंद पडतात, आणि बारा किंवा सोळा जीबीचे कार्ड असलेला माणूस चक्रावतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर हा संदेश अनेकांना आला. मूळ कारण प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे होते. इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केले, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर असेल तर मदरबोर्डचा बायोस अद्ययावत करणे हे पहिले काम. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलून घ्यावा. मोठी झिप फाइल उघडतानाही चुका येणे, गेमच्या आरंभी शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होतानाच तो बंद पडणे, ही त्याची खूण आहे. रॅमचेही असेच आहे. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सोय) चालू असेल तर ते एक दिवस बंद ठेवून पाहावे.

कार्ड काढून पाहणे

इथपर्यंत काहीच सापडले नाही, तरच कार्ड स्लॉटमधून काढावे. मागचे स्क्रू सोडवून, स्लॉटच्या टोकाची चाप दाबून ते सरळ उचलावे, सोनेरी संपर्कांना बोट न लावता त्यांवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी आणि चाप आपोआप बसेपर्यंत परत दाबावे. जड कार्ड वर्षभरात एका बाजूने झुकते. त्याला खालून आधार द्यावा. मग निर्णायक चाचणी: हेच कार्ड मित्राच्या संगणकात, आणि मित्राचे कार्ड आपल्या संगणकात. तक्रार कार्डाबरोबर गेली तर दोष कार्डाचा, आणि जागेवरच राहिली तर नव्हे. कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करण्याचे प्रयोग करू नयेत; गुण आला तरी तो टिकत नाही, आणि त्यातून निघणारी वाफ अन्न शिजवण्याच्या जागी नको.

बदली म्हणून जुने कार्ड घेणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवर चालणारे मायनिंग (चलन मिळवण्यासाठी केलेली आकडेमोड) थांबवले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात उतरली. अशी सगळीच वाईट नसतात, पण पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असू शकतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या किंवा ओळखीतून, समोर अर्धा तास गेम चालवल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि जीपीयू-झेड उघडून पाहावे. कार्डाच्या आतला बायोस बदलून भारी कार्डाचे नाव दिलेली एनव्हिडियाची बनावट कार्डे ते बऱ्याचदा ओळखते.

दोष कार्डाचाच ठरला आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर बिल आणि सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवावा, कार्ड मूळ पिशवीत घालावे आणि सोबत वहीतल्या नोंदींची प्रत द्यावी: कोणता गेम, किती मिनिटांनी, किती तापमानाला, आणि दुसऱ्या संगणकातही तेच घडल्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ. सर्व्हिस सेंटरमध्ये कार्ड डेस्कटॉपवर दहा मिनिटे चालवून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवले जाऊ शकते. किती वेळ आणि कशावर चालवल्यावर ते बिघडते, हे कागदावर लिहिलेले असेल तर तपासणाऱ्याला ते तसेच चालवून पाहावे लागते.